‘नाही’ कुठं तोडायचं?

पोट्टेहो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे आपल्या मधुकररावांसोबत घडलं, अन् मधुकरराव उगाच काही सांगणारा माणूस नव्हे.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, पौषातली अमावास्या. नागपुरात मोडी वाचणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके, त्यातले ते एक. काम साधंच होतं. कळमेश्वरच्या रुखमाबाई एक जुना महजर, म्हणजे पंचांपुढची साक्ष, त्यांच्याकडे ठेवून गेल्या होत्या.

"भाऊ, आमच्या जयवंता आजीनं नवऱ्याले जहर देल्लं म्हणून गावभर बोंब हाये. दोनशे वर्षं झाली, अजून आमच्या पोरीची सोयरीक मोडते. उद्या पाहुणे येऊन राहिले. तुम्ही वाचून दाखवलं तर मानतीन ते."

रात्री सव्वाआठ. वीज गेलेली, घरात एकटेच. कंदिलाशी त्यांनी कागद उलगडला. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ एका दमात धावते: ‘जयवंतेनेविषदिलेनाहीदिलाकाढा’. गावची बोंब डोक्यात होतीच. त्यांनी वाचलं, "विष दिले. नाही दिला काढा." पोरीचं वाईट वाटलं, पण पुरावा तो पुरावा. पुढं न वाचताच नक्कल उतरवली अन् कागदाची घडी घालू लागले.

मागून बाईचा आवाज आला. "परत वाच गा."

वळून पाहिलं. कोणी नाही. दाराला आतून कडी.

"विष दिले..."

"पुढं."

आवाज खांद्याशी आला होता. मुळ्या उकळल्याचा उग्र वास.

"विष दिले नाही..."

"थांब."

ते थांबले. कानाशी श्वास... थंड. कंदील फडफडला.

"दिला काढा," मधुकरराव कसेबसे म्हणाले.

कोणीतरी रडलं. हळू... मग तेही थांबलं.

त्यांनी खालची ओळ वाचली. ‘वैद्याने काढ्याचे भांडे परत नेले, रिकामे.’ म्हणजे काढा पाजला होता! एवढा शिकलेला माणूस, अन् कागद वाचला गावाच्या तोंडानं. स्वतःचीच लाज वाटली त्यांना. नक्कल फाडून नवी लिहिली.

सकाळी कळमेश्वरला पाहुण्यांपुढं एकेका शब्दावर बोट ठेवत दोन्ही ओळी समजावून सांगितल्या. मुलाच्या बापानं, चंपतरावांनी, कागद डोळ्यांजवळ नेला.

"भाऊ, ‘नाही’च्या पुढं उभी रेघ साफ दिसून राहिली. मंग एवढं समजावता काहून?"

मधुकरराव वाकले. रात्री तिथं रेघ नव्हती.

बोट लावून पाहिलं... शाई ओली होती.