सुटण्याचा भाव

सभागृहाच्या भिंतीवर आकडा उमटला तेव्हा लोक आधी हसले. अकरा हजार चारशे कोटी रुपये. पाचव्या वाडीला सागरसंघातून बाहेर पडायचं असेल, तर तिनं संघाला एवढे मोजायचे.

"हे निर्गमन-मूल्य आहे," अर्थप्रमुख विश्राम पोतनीस म्हणाले. माणूस कधी आवाज चढवत नसे. "सांध्यांचा खर्च, रक्षणाचा खर्च, चाळीस वर्षांची सामायिक गुंतवणूक. ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं. फक्त भरून जावं."

किनारा बुडाला तेव्हा कोकणातली माणसं समुद्रावर राहायला गेली. पाच तरंगवाड्या बांधल्या. प्रत्येक वाडी म्हणजे शंभर मीटर लांबीचा पोकळ पोलादी तराफा. त्याच्यावर घरं, शाळा, दुकानं, सगळं. पाचही वाड्या एकापुढे एक जोडलेल्या आणि दर दोन वाड्यांमध्ये एक डोलसांधा. हा सांधा म्हणजे घराएवढी बिजागरी. लाट आली की वाडीनं मान डोलवावी, शेजारणीला ओढू नये, यासाठी. बरोब्बर मध्ये तिसरी, मध्यवाडी. तिथं सभागृह, तिजोरी आणि तुरुंग. शेवटची पाचवी वाडी उघड्या समुद्राच्या तोंडावर. पावसाळ्याचा मार पहिला तिला. खारं पाणी गोडं करणारा कारखानाही तिच्याच अंगावर, पण तिच्या नळाला पाणी यायचं ते बाकी चार वाड्यांच्या टाक्या भरल्यावर. याला संघ म्हणत.

कारखान्यातल्या कामगारांचा पुढारी भिवा तांडेल उठला.

"साहेब, चाळीस वर्षं आमच्या पोरांच्या उशाला लाटा आपटतायत. त्याचा आकडा कुठल्या रकान्यात धरलात?"

"ते तुमचं भौगोलिक स्थान आहे."

"आणि पाणी आम्ही गोडं करायचं, अंघोळ तुम्ही करायची, हेपण भौगोलिकच का?"

सभागृह खदखदून हसलं. कोणीतरी खुर्ची भिरकावली. ती भिंतीवरच्या आकड्यावर जाऊन आदळली आणि रक्षकांनी दारं लावून घेतली. पहिली गोळी कोणी झाडली याची चौकशी पुढे झाली नाही, कारण चौकशी करणाऱ्यांनीच ती झाडली होती. पाचव्या वाडीची नऊ माणसं खुर्च्यांमधल्या वाटेत मरून पडली. भिवाला मारलं नाही. त्याचा उजवा गुडघा बंदुकीच्या दस्त्यानं फोडला आणि त्याला फरफटत खालच्या तुरुंगात नेलं.

दुसऱ्या दिवशी पोतनीसांनी येसू तांडेलला बोलावलं. भिवाची थोरली बहीण, संघाची सांधा-अभियंता. डोलसांधे तिच्याएवढे कोणाला कळत नव्हते. पोतनीस जेवत होते.

"सांधे वेल्डिंग करून कायमचे जोडून टाका. चारही. वाडी सुटूच शकत नाही म्हटल्यावर वाद कशावर घालणार? काम झालं की भावाला घेऊन जा."

"तसं केलंत तर मध्यवाडी फाटेल."

"का?"

येसूनं त्यांच्या ताटातला पापड उचलला.

"जाळ्याचे बोये पाहिलेत ना? दोरीला ओवलेले असतात. कितीही मोठी लाट येऊ दे, प्रत्येक बोया आपापला वरखाली होतो. काही तुटत नाही. आज आपण तसे आहोत. वेल्डिंग केलंत की पाचशे मीटरची एकच फळी होईल. रोजच्या लाटा आखूड असतात. त्यांचं ह्या फळीला काही वाटणार नाही. उलट तुम्ही इतके स्थिर व्हाल की मला शाबासकी द्याल. पण दूर दक्षिणेच्या महासागरात मोठं वादळ झालं की तिथून लांब लाट निघते. एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत पाचशे मीटर. ती इथं पोचते तेव्हा वर ऊन असतं, वारा पडलेला असतो. आताही येते. वाड्या जराशा डोलतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. फळी झाल्यावर काय होईल? लाटेचा माथा मध्याखाली आला की दोन्ही टोकं अधांतरी."

तिनं पापड एका बोटावर तोलला आणि दुसऱ्या हातानं दोन्ही कडा खाली दाबल्या. तो मोडला.

"कुठं तुटला?"

"मध्ये," पोतनीस म्हणाले. त्यांनी अर्धा पापड घेऊन तोंडात टाकला. "पण आधी तुमचे जोडच तुटतील की."

"कच्चे असले तर तुटतील. मग वाड्या सुट्या होतील आणि सगळे जगतील. पक्के असले तर जोड टिकतील आणि तुमच्या पायाखालची जमीन फाटेल."

"नुकसान किती? रुपयांत सांगा."

"रुपयांत नाही सांगता येत."

"मग ते नुकसान नाही, ती नुसती भीती आहे. पाचवी वाडी गेली तर पाणी जाईल, ते मात्र मला रुपयांत सांगता येतं." त्यांनी हात धुतले. "आणि बरं झालं, कच्च्या जोडाचं तुम्हीच सांगितलंत. प्रत्येक जोडाची नादतपासणी होईल."

येसूनं तरी पहिला जोड कच्चाच ठेवला. वरून चकचकीत, आत पोकळ. म्हटलं, इतक्या आत कोण बघतंय. नादतपासणीचं यंत्र जोडावर आवाज सोडतं आणि परत येणारा नाद ऐकतं. त्यानं पोकळी बरोबर पकडली.

सकाळी रक्षकांचा जमादार तिच्या दारात डबा ठेवून गेला. आत कांद्याच्या पातीवर करंगळी ठेवलेली होती. पेरावर माशाच्या गळाची जुनी खूण. लहानपणी तो गळ तिनंच काढला होता, भिवा बोंबलत असताना.

ती धावत जमादाराच्या मागे गेली.

"जोड कच्चा निघाला की एक," जमादार म्हणाला. "अजून नऊ शिल्लक आहेत. सांधे तर चारच, बाई. भाऊ फायद्यात आहे तुमचा."

येसूनं पहिला जोड कापून काढला आणि पुन्हा भरला. तसं वेल्डिंग तिनं जन्मात केलं नव्हतं. एक थर, घासणं, दुसरा थर, पुन्हा घासणं. डोळे सुजले, मनगट जळालं. चारही जोड तपासणीत उतरले. भोवतीच्या पोलादापेक्षा जोड मजबूत आहेत, असं यंत्रानं सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं.

भिवाला सोडलं नाही. "आधी सांधे जोडल्याचा सोहळा, अखंडता दिन, होऊ दे," पोतनीस म्हणाले.

संघ खरोखर स्थिर झाला. कपातला चहा हलेना. पाचव्या वाडीतल्या लेकरांच्या ओकाऱ्या थांबल्या, आणि जिची नऊ माणसं मारली गेली त्याच वाडीत काहीजण म्हणायला लागले, झालं ते एका अर्थी बरंच झालं. माणसाला पाठ टेकायला मिळाली की तो असाच बोलतो.

अखंडता दिनाला आभाळ निरभ्र होतं. समुद्र ताटासारखा सपाट. नैर्ऋत्येला दूरवर सोडलेल्या लाटवेधक यंत्राचे आकडे पडद्यावर उमटू लागले तेव्हा येसू एकटीच त्या पडद्यापुढे बसली होती. दोन माथ्यांमध्ये अठरा सेकंद. अठरा सेकंदांची लाट पाचशे मीटर लांब असते, हे तिला कागदावर मांडावं लागलं नाही. ती धावत सुटली.

सभागृह गच्च भरलं होतं. मधोमध, जमिनीतल्या लोखंडी कडीला साखळीनं बांधून भिवाला उभा केला होता. पाचवी वाडी मागणी सोडते आहे, हे त्यानं ध्वनिक्षेपकावर म्हणायचं होतं.

"माणसं टोकाच्या वाड्यांवर हलवा!" येसू पश्चिमेच्या दारातून ओरडली. "लांब लाट येतेय!"

पोतनीस मंचावरून खाली उतरून तिच्याकडे आले. खिडकीबाहेर बोट दाखवून त्यांनी लोकांना विचारलं, "कुठाय लाट? कोणाला दिसतेय?"

हशा पिकला. "भावाला न्यायचं नाटक!" कोणीतरी मागून म्हणालं. दोन रक्षकांनी तिचे हात पिरगाळले.

"ताई, सोड ना. वाचायला येत नाही त्यांना," भिवा म्हणाला. "आकडे तेवढे येतात."

मग जमीन कण्हली. खाली कुठंतरी पोलाद सोलत गेल्यासारखा आवाज झाला. झुंबरं एका बाजूला कलली. लाटेचा माथा आला, उचलून धरलं, गेला. लोक एकमेकांकडे बघून हसले. दुसऱ्या माथ्याला भिंतीवरचा संघाचा ध्वज उभा फाटला. तिसऱ्याला सभागृहाची जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उघडली, थेट कडीखालून.

येसूनं रक्षकाच्या हाताचा लचका तोडला आणि ती भेगेच्या कडेपर्यंत पोचली. भिवा फाटलेल्या पत्र्याला चार बोटांनी लटकला होता. साखळी खाली खेचत होती.

"येशे," तो म्हणाला, "जोड पक्का केलास गं."

पत्र्यानं ती चार बोटंही कापली.

भेगेत खुर्च्या गेल्या, माणसं गेली. दोन्ही बाजूंचे पत्रे परत मिटले तेव्हा मध्ये सापडलेल्यांच्या किंकाळ्या एकदम थांबल्या. पुढच्या लाटेनं दोन्ही तुकडे वेगळे केले. तळातले बंद कप्पे टिकले, म्हणून तुकडे बुडाले नाहीत. पूर्वेला पहिली वाडी, दुसरी आणि अर्धी मध्यवाडी; तिकडं तिजोरी, पोतनीसांचं घर, जवळजवळ सगळी फौज. पश्चिमेला उरलेली अर्धी मध्यवाडी, चौथी, पाचवी आणि गोड्या पाण्याचा कारखाना.

चारही जोड शाबूत होते.

पोतनीस पश्चिमेला होते. येसूला अडवायला इकडे आले, म्हणून. दोन्ही रक्षकांनी बंदुका पाण्यात फेकल्या आणि गर्दीत मिसळले. पाचव्या वाडीचे लोक हातात सापडेल ते घेऊन आले. नऊ घरची माणसं पुढे होती. येसू पोतनीसांच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली, हात पसरून. तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं. तिचं नव्हतं.

"बस झालं," ती म्हणाली. "आज पुष्कळ मेलेत."

पूर्वेचा तुकडा हळूहळू लांब जात होता. पोतनीस त्याच्याकडे बघत होते.

"मला तिकडे जाऊ द्या," ते म्हणाले. "एक होडी द्या. काय लागेल ते भरतो. भाव सांगा."

येसू वळली.

"सांगते. आधी भिवाचा सांगा. रुपयांत."

पोतनीसांनी डोळे मिटले. ओठ पुटपुटले. ते हिशेबाचे पक्के होते आणि घाबरलेला माणूस त्याला येतं तेच करतो.

"कारखान्यातली मजुरी धरून," ते म्हणाले, "गुडघा आधीच निकामी होता, ते वजा करून… अठरा लाख."

येसूनं हात खाली घेतले आणि ती बाजूला झाली.