लाल दांड्याचं कणीस

फोन आला तेव्हा सत्यशीला शेंद्र्याच्या कारखान्यांपाशी, पाण्याच्या टँकरांच्या रांगेमागे अडकली होती.

"बाई, आमचं माणूस काल सांजंपासून घरी नाय," वच्छलाबाई म्हणाली. "मेंढरं तशीच कोंडलेली हायेत, तहानलेली. असं ते कधी करायचं नाय."

तिचा आवाज इतका दबलेला होता, की सत्यशीलाने गाडीच्या काचा वर केल्या.

वच्छलाबाईचा नवरा मुंजाबा करमाडजवळच्या एका मका संशोधन केंद्रावर राखणदार होता. सत्यशीला तिथली शास्त्रज्ञ. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला देत, पिढ्यामागून पिढ्या निवड करत तिने मक्याचा एक शुद्ध नर वाण तयार केला होता. सलग तिसरं कोरडं वर्ष, तरी त्याचे तुरे करपले नव्हते. त्याच्या जोडीला लावलेला मादी वाण साधा, बाजारात कुणालाही मिळणारा. संकरित बियाण्यात दुष्काळ सोसायची ताकद यायची ती या बापाकडून.

केंद्रावर व्यवस्थापक विश्वजीत आणि पोलीस ठाण्यातला बद्रीनाथ जमादार वाट पाहत होते; वच्छलाबाईही येऊन थांबली होती. विश्वजीतने सगळं सांगितलं. अंगणात वाळत घातलेली कणसं रात्रीतून कमी झाली होती आणि मुंजाबाही गायब होता. जमादाराच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. माणूस फरार आहे, सापडला की बोलता करू, असं तो वच्छलाबाईसमोरच म्हणाला. तिने पदर तोंडात धरला. नवरा सापडला नाही तरी भीती, सापडला तरी भीती.

सत्यशीलाने अंगणातलं एक कणीस उचललं आणि मधोमध मोडलं. दाणे पिवळे, आतला दांडा पांढरा. तिने ते खाली ठेवलं.

शेतात मादीची ताटं उभी होती. मधल्या नराच्या ओळी कापलेल्या होत्या.

"या कधी कापल्या?"

"नेहमीसारख्याच. पराग झडला, मादीला कणीस धरलं, की लगेच," विश्वजीत म्हणाला. "नराला कणीस भरूच देत नाही आपण. वैरण मुंजाबाने नेली."

ती वच्छलाबाईकडे वळली. "मक्याची वैरण केव्हा नेली तुम्ही?"

"औंदा एक पेंढी नाय भेटली, बाई. साहेब म्हणले, थांब, नंतर ने. आमचे हे लई भांडले त्यांच्यासंगं."

विश्वजीत हसला. "नवऱ्याला वाचवायला ही काहीही बोलणार, मॅडम."

राहिलं होतं गोदाम. दाराच्या फटींवर रुंद चिकटपट्टी मारलेली आणि वर लाल पाटी: विषारी वायू, आत जाऊ नये. कीड लागू नये म्हणून कालच वायू सोडणाऱ्या गोळ्यांची धुरी दिली, असं विश्वजीतने सांगितलं. जमादार चार पावलं मागे सरला. सत्यशीलाही थबकली. या गोळ्यांच्या वायूला भ्यायला इथल्या माणसांना तिनेच शिकवलं होतं.

उंबऱ्याजवळ कणसाचा एक तुकडा पडला होता. दाणे पिवळे. दांडा लाल.

"हे कुठलं?"

"मादीचंच की. दाणे बघा ना, पिवळेच आहेत."

तेवढ्यात झरोक्यातून एक चिमणी बाहेर आली. पाटीवर बसली, खाली उतरली, चोचीत काडी घेऊन पुन्हा आत गेली. थोड्या वेळाने तीच पुन्हा बाहेर आली.

सत्यशीला जमादाराकडे वळली.

"जमादार, दार उघडायचं."

"मरायचंय का, बाई?"

ती पुढे झाली. विश्वजीतने तिचं मनगट धरलं. त्याचा तळवा ओला होता. आपला तर्क चुकला असेल, तर आतला पहिला श्वास शेवटचा ठरेल, हे तिला नीट माहीत होतं. मनगट सोडवून, श्वास रोखून तिने पट्टी ओढली आणि कडी काढली.

आत गोण्यांची थप्पी होती. थप्पीमागे मुंजाबा, हातपाय बांधलेला, तोंडात फडकं. कपाळावरचं रक्त सुकलं होतं. छाती मात्र हलत होती.

सगळ्यांनी मिळून त्याला सावलीत आणलं. जमादाराने रुग्णवाहिका बोलावली आणि तो विश्वजीतच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला कसं कळलं?" जमादाराने विचारलं.

"दाण्यात बाप उतरतो, दांड्यात नाही," सत्यशीला म्हणाली. "दांडा ज्या झाडाचा, त्याचाच रंग घेतो. आमच्या मादीचा दांडा पांढरा. लाल दांडा फक्त नराच्या झाडाचा. म्हणजे नराच्या ओळी वेळेवर कापल्या नाहीत, कणसं पिकेपर्यंत राखल्या. मादीचे तुरे आम्ही आधीच खुडतो, म्हणून त्या कणसातला दाणा म्हणजे माझा शुद्ध नर वाण. तो हाती आला की हे बियाणं कुणीही बनवू शकतो. वच्छलाबाई खरं बोलत होत्या. वैरण मिळाली नाही, कारण तेव्हा ती कापलीच नव्हती. मुंजाबा भांडला, आणि मग गोण्या भरताना त्याने विश्वजीतला पाहिलं असणार."

मुंजाबाने डोळे न उघडता मान हलवली.

"आणि पाटी?"

"लोकांनी लांब राहावं म्हणून. वायू असता तर चिमणी परत बाहेर आली नसती." तिने विश्वजीतकडे पाहिलं. "आज गोण्या न्यायला गाडी येणार असेल. त्या निघाल्या, की आत खऱ्या गोळ्या पडायच्या. मग दोर सोडायचा, दार उघडून दाखवायचं. चोर चोरीला शिरला आणि वायूने मेला. मुंजाबासाठी कुणी रडलंही नसतं."

जमादाराने विश्वजीतच्या मोटारसायकलची डिकी उघडली. आत गोळ्यांची सीलबंद बाटली होती.

"गोळ्या गोदामासाठीच आणल्यात," विश्वजीत घाईने म्हणाला. "बाटलीचं सील बघा, साहेब. मी कुठं टाकल्यात गोळ्या अजून?"

वच्छलाबाई नवऱ्याच्या कपाळावरचं रक्त ओल्या पदराने पुसत होती. तिचा हात थांबला.

"अजून," ती म्हणाली.

विश्वजीत मागे सरकला. जमादाराने त्याचा दंड धरला.