एक वाजताचा नियम

सर्व्हर रूमचा एसी गळत होता. खाली बादली ठेवून ती मेकॅनिकची वाट बघत होती. तेवढ्यात दार ढकलून एक उंच मुलगा आत आला, पाठीला सॅक आणि हातात खोकं. मान वर न करताच तिने फर्मावलं, "आधी तो फिल्टर साफ करा, मग बाकीचं बघू." त्याने खोकं खाली ठेवलं, बाह्या सरसावल्या, स्टुलावर चढून फिल्टर काढला, बेसिनवर नेऊन धुतला आणि परत बसवला. मग हात पुसत विचारलं, "आता फायरवॉल कुठे बसवू?"

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. आणि तो हसत होता... त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून यायचे. तिथेच गडबड झाली.

चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे नेटवर्कवाली म्हणत, म्हणून त्याचंही नाव आपोआप फायरवॉलवाला पडलं. कारखान्याच्या इंटरनेटच्या दारावर पहारा देणारी जुनी फायरवॉल काढून नवी बसवायची होती. दोन्ही वेगळ्या कंपन्यांच्या, त्यामुळे जुनीतले एकशे चाळीस नियम नवीत एकेक करून हाताने भरायचे. कारखान्यात दोनशे कॉम्प्युटर, प्रत्येकाचा आतला पत्ता निराळा. बाहेर जाताना मात्र फायरवॉल सगळ्यांना एकच पत्ता लावते, आणि उत्तर आलं की ते ज्याचं त्याला बरोबर पोचवते. कोणी कसं बाहेर जायचं, बाहेरच्याने आत कुठवर यायचं, ते या नियमांत लिहिलेलं असतं. ती वाचायची, तो भरायचा. दोघांनी मनावर घेतलं असतं तर काम चार दिवसांत उरकलं असतं. दहावा दिवस उजाडला तरी ते आपलं चालूच होतं.

"घाई करू नका हं," तो म्हणायचा. "घाईत चूक होते."

"मी कुठे घाई करतेय? तुम्हीच भराभर टाइप करता."

"बरं, हळू करतो." आणि तो खरंच एका बोटाने टाइप करायला लागायचा.

घरी ताईच्या नजरेतून काही सुटत नसे. सर्व्हर रूममध्ये बसायला इस्त्रीचे कपडे हल्ली रोज का लागतात, असं तिने दोनदा विचारून झालं होतं.

सगळं छान होतं, पण मध्ये ती होती. हेड ऑफिसची. त्याच्याच कंपनीतली, फोनवरून मदत करणारी. दिवसातून तीनदा तिचा फोन यायचा. तो "बोला बाईसाहेब" म्हणत खिडकीपाशी जायचा आणि खो खो हसायचा. फायरवॉलमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं, हे नेटवर्कवालीला सात वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. तिने त्या कंपनीच्या वेबसाइटवरून हेड ऑफिसचीचा फोटो शोधून काढला. तो चांगला निघाला, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. त्यात तो सहज बोलून गेला की ती फार हुशार आहे. नेटवर्कवालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

शिवाय रोज एकला तो डबा घेऊन नाहीसा व्हायचा आणि दीडला खुशीत परत यायचा. कुठे जाता म्हटलं तर, "आहे एक काम." अकराव्या दिवशी तिला राहवेना. तो गेल्या गेल्या तिने फायरवॉलचा लॉग, म्हणजे ये-जा करणाऱ्याची नोंद, उघडला, बाहेरच्या बाजूचा. रोज एकला एक व्हिडिओ कॉल सुरू, दीडला बंद. कालही तेच, परवाही तेच, आणि आत्ताही तो चालूच होता. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. तिने एक नवा नियम घातला — एक ते दीड, व्हिडिओ कॉल बंद. "हस आता," ती स्क्रीनला म्हणाली.

तो तोंड पाडून परत आला. तिला कोण आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच्या शेवटच्या दिवशी, साडेबाराला गोदामातल्या काकांनी तिला जिन्याखाली गाठलं. आधी त्यांनी साहेबांच्या कानावर घालणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. मग सांगितलं. त्यांची लेक दूर गावी बाळंत झाली होती. तळघरातल्या गोदामात फोनला रेंज नाही, म्हणून हा मुलगा रोज तिथेच जेवतो आणि गोदामाच्या कॉम्प्युटरवर त्यांना बाळ दाखवतो. "काल मधेच बंद पडलं गं पोरी," काका म्हणाले. "लेक तिकडे बाळाला घेऊन बसून राहिली."

ती जिना धावत चढली. तो नियम गुपचूप काढून टाकला की झालं... पण सर्व्हर रूममध्ये तो आधीच बसला होता, समोर नियमांची यादी उघडून.

"एक जास्तीचा आहे," तो म्हणाला. "तुमच्या लॉगिनने घातलेला. आणि कारणाचा रकाना कोरा आहे."

त्याच्या कंपनीची शिस्तच होती, नियमापुढे कारण असल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही नाही. तिने विचारलं, नुसता काढून टाकला तर? तो म्हणाला, काढतो, पण आधी कारण हवं. काय बघून घातला हा?

"बाहेरचा लॉग."

"बाहेरचा? तिथे दोनशे जणांचा पत्ता एकच दिसतो. आतल्या पत्त्यांचा तक्ता उघडला असता तर गोदामाचा कॉम्प्युटर लगेच दिसला असता."

हे ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायची. "मला वाटलं... तुम्ही आहात."

"मी? कोणाशी बोलणार?"

चाचणीसाठी घातला होता, हे खोटं तिच्या अगदी ओठांवर होतं. पण काकांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. तिने कीबोर्ड ओढला आणि त्या रकान्यात लिहिलं, "मत्सर." जरा थांबली, आणि पुढे लिहिलं, "हेड ऑफिसच्या मुलीचा."

त्याने वाचलं. खुर्ची तिच्याकडे वळवली.

"ती मला आवडायची," तो म्हणाला. "मागच्या वर्षी विचारलंही होतं. नाही म्हणाली. आता मैत्रीण आहे. रोज फोनवर एकच छळ लावलाय, नेटवर्कवालीला विचारलंस की नाही म्हणून. मी हसण्यावारी नेतो."

"म्हणजे तिने नाही म्हटलं म्हणून मी?"

"ती नाही म्हणाली, त्या संध्याकाळी मी मित्रांबरोबर कॅरम खेळलो. जिंकलोही." त्याचा आवाज खाली आला. "तू नाही म्हणालीस तर मी काय करेन... मला खरंच माहीत नाही."

तो तिला पहिल्यांदाच तू म्हणाला होता. तिचा चेहरा लाल झाला, तरी तिने हट्ट सोडला नाही.

"यापुढे तिचे फोन माझ्यासमोर घ्यायचे. खिडकीपाशी नाही."

"कबूल."

"आणि काकांना मी सांगणार, काल मीच बंद केलं म्हणून. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"तेही कबूल. आता हा नियम काढ. काढायलाही कारण लागतं."

तिने नियम काढला. कोरा रकाना उघडला. त्यात तिने सावकाश, एका बोटाने लिहिलं, "त्याने विचारलं. मी हो म्हणाले." त्याने त्याखाली सही केली. एक वाजायला पाच मिनिटं होती, आणि दोघं काकांकडे निघाले.