शून्यावरची घरं

नकाशाच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसानं वाट चुकू नये, अशी लोकांची अपेक्षा असते. इथल्या एकीला मात्र बाजारातून घरी येतानाही दोनदा विचारावं लागायचं. म्हणून वडिलांनी तिचं नाव नकाशाबाई ठेवलं होतं. ते कचेरीपर्यंत कसं पोहोचलं कुणास ठाऊक, पण आता साहेबही तिला त्याच नावानं हाक मारायचे. ती मनावर घेत नसे. पायांना रस्ते कळत नसले तरी खुर्चीत बसून तिला कुठलंही घर बरोबर सापडायचं.

काम तसं सोपं होतं. शहरातल्या प्रत्येक घराला दोन आकडे द्यायचे. एक अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून ते किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. दुसरा रेखांश, म्हणजे शून्याच्या उभ्या रेषेपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे. पत्ता टाईप करायचा, आकाशातून काढलेल्या फोटोत त्या घराचं छप्पर शोधायचं आणि त्यावर टिचकी मारायची, की दोन्ही रकाने आपोआप भरत. त्याच नकाशावर मग रुग्णवाहिका धावायच्या आणि पार्सलच्या गाड्याही.

छप्पर सापडलं नाही आणि रकाने रिकामे राहिले, तर मात्र यंत्र त्यांत शून्य भरून मोकळं व्हायचं. 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांतला फरक त्याला कळत नसे. आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा पृथ्वीवर खरोखरच आहे. तिथे भर समुद्र आहे, पाय टेकायला जमीन नाही. शहरातली सगळी बेवारशी घरं त्या एका बिंदूवर जाऊन पडायची, एकावर एक. कचेरीत त्या ढिगाला धर्मशाळा म्हणत. नकाशा पुढे पाठवायच्या आधी धर्मशाळा रिकामी करायची, म्हणजे तिथली सगळी घरं एकदम निवडून पुसून टाकायची. आजवर कुणाची तक्रार आली नव्हती.

त्या सकाळीही तिनं त्या ढिगातला एक पत्ता मोठ्यानं वाचून दाखवला होता. "छापखान्यामागे, निळा दरवाजा, कुणालाही विचारा." कचेरी पोट धरून हसली. भर समुद्रात विचारायचं तरी कुणाला, असं साहेब म्हणाले आणि लोक पुन्हा हसले.

घरी ती आणि वडील, दोघंच. वडिलांनी जन्मभर बस चालवली होती, आणि नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ते आता पलंगाला खिळले होते. काठीच्या आधारानं खिडकीपर्यंत, फार तर स्वयंपाकघरापर्यंत जायचे, तेही कण्हत. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची, ती रोज गल्ल्यांतून गरगर फिरून घामाघूम होऊन पोहोचायची, कारण त्यांचं घर नकाशातच नव्हतं. गावभर घरं मांडत फिरतेस आणि आपल्याच घराचा पत्ता नाही, असं वडील रोज ऐकवायचे. बोलणं लागत होतं. म्हणून त्या दिवशी हसणं आवरल्यावर तिनं सगळ्यात आधी स्वतःचाच पत्ता टाईप केला. फोटोत गोदाम आणि सायकलच्या दुकानाच्या मधोमध घराचं लाल छप्पर स्पष्ट दिसत होतं. टिचकी मारणार तोच साहेबांनी हाक मारली. नकाशा दुपारी पुढे जायचा होता, त्यांना घाई होती. तिनं घाईघाईत नोंद साठवली आणि उठून गेली.

बाबांचा पहिला फोन आला तो चहाबद्दल. नळाला खारट पाणी येतंय, चहा फेकून द्यावा लागला, अशी त्यांची कुरकुर होती. औषधांनी तोंडाची चव गेली असेल, असं म्हणून तिनं वेळ मारून नेली.

दुसरा फोन घड्याळाबद्दल होता.

"काय गं, घड्याळात बारा वाजलेत ना?"

"हो. का?"

"मग बाहेर हे कोवळं ऊन कसं? सूर्य आत्ता कुठे वर येतोय."

झोप लागली असेल, घड्याळ बंद पडलं असेल, असं ती समजावत राहिली. कचेरीच्या खिडकीतून भर दुपारचं ऊन तिच्या टेबलावर पडलं होतं. फोनमध्ये बाबांच्या आवाजामागे काहीतरी येत होतं आणि मागे सरत होतं, ओल्या फरशीवर केरसुणी फिरवल्यासारखं.

फोन ठेवते न ठेवते तोच व्यायामवाल्या बाईंचा आला. त्या गल्लीत उभ्या होत्या आणि वैतागल्या होत्या.

"इकडे गोदाम आहे, तिकडे सायकलचं दुकान आहे. मध्ये नुसतं गवत आहे हो. घर कुठाय तुमचं?"

एवढे दिवस येताय आणि आज चुकलात कशा, असं ती म्हणाली, पण बोलता बोलता तिनं पडद्यावर फोटो उघडला होता. गोदाम होतं. सायकलचं दुकान होतं. सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लाल छप्पर मात्र तिथे नव्हतं. तिथे गवत होतं. फोटो गेल्या वर्षी काढलेला होता.

तिनं सकाळची नोंद उघडली. पत्ता तिचाच होता आणि पुढच्या दोन्ही रकान्यांत शून्य होतं.

शून्याच्या रेषेवर या वेळी किती वाजले असतील, हे तिला हिशेब न करताच कळलं. तिथे आत्ता सूर्य उगवत होता.

तिनं बाबांना फोन लावला. ते हळू आवाजात बोलत होते, शेजारी कुणी असल्यासारखे.

"पायरीपर्यंत पाणी आलंय गं. गल्लीच नाही राहिली. नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी."

"बाबा, दार लावून घ्या. पलंगावरून उठू नका."

"आणि घरात माणसं आहेत."

"कोण माणसं?"

"स्वयंपाकघराचं दार उघडलं की दुसऱ्याच कुणाची तरी खोली लागते. तिच्यापुढे आणखी एक. कुठवर आहेत, दिसत नाही. वाईट नाहीत गं, साधीच माणसं आहेत. सगळे एकच विचारतात."

"काय?"

"हा पत्ता कुठला, म्हणून."

कचेरीच्या पलीकडच्या टोकाला साहेबांची खुर्ची करकरली. "नकाशाबाई, तुमचं फोनवरचं आटोपत नाहीये. धर्मशाळा मीच रिकामी करतो," ते म्हणाले. साहेब हातासरशी काम उरकणारे होते. थांबा म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच तिचा हात माऊसवर गेला होता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला फक्त आपलंच घर दिसत होतं.

गोदाम. सायकलचं दुकान. मधलं गवत. तिनं गवतावर टिचकी मारली.

रकाने भरले.

तिनं नोंद साठवली.

कानातला फोन मुका झाला.

"झाली रिकामी," साहेब म्हणाले.

आधी काय झालं असेल, तिचं की साहेबांचं? ती पडद्याकडे बघायला धजेना. एवढ्यात फोन वाजला.

"खिडकीतून गोदाम दिसतंय बघ," बाबा म्हणाले. "आणि नळाचं पाणी गोड झालं."

ती खुर्चीतच कोसळली आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. साहेब भांबावून पाण्याचा ग्लास घेऊन आले. जिवात जीव येणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं होतं. येतेच मी, लगेच निघते, असं ती रडत रडत सांगत राहिली.

"ये. पण त्याआधी एक काम कर. इथे एक बाई राहिलीय."

"कुठली बाई?"

"मला उठता येईना, म्हणून औषध द्यायला आली होती आतून. तेवढ्यात दारापलीकडे आपलं स्वयंपाकघर आलं. तिची खोली गेली ती गेलीच. रडतेय बिचारी. मी म्हटलं, घाबरू नका, माझी मुलगी हेच काम करते, चुटकीसरशी शोधून देईल. घे लिहून. छापखान्यामागे, निळा दरवाजा. कुणालाही विचारा, म्हणते."

तिनं पत्ता शोधला. अशी नोंद नाही, असं पडद्यावर आलं. तिनं फोटोत छापखाना धुंडाळला. नुसती छपरंच छपरं होती, सगळी सारखी. आकाशातून दरवाजे दिसत नाहीत.

मग तिनं तो पत्ता पुन्हा टाईप केला, जसाच्या तसा. दोन्ही रकाने रिकामे ठेवले आणि नोंद साठवली. निदान घर तरी कुठेतरी असू दे, एवढंच तिला सुचलं.

"सापडलं का?" बाबांनी विचारलं. मग फोन तोंडापासून दूर धरून ते कुणाशी तरी बोलले, आणि परत आले. "जरा लवकर बघ गं. मूल झोपलंय म्हणते घरात. उजाडलं की जागं होतं. आणि जागं झालं की आधी दार उघडून बाहेर पळतं, सवयच आहे त्याला."

पडद्यावर निळ्या पाण्यात एक ठिपका उमटला होता. आजूबाजूला आता दुसरं एकही घर नव्हतं.