एकशे शहाऐंशी तास चाललेला ट्रॅक्टर

मी इंजिनाचं तेल तपासते. सोळा वर्षं हेच काम करते आहे. वापरलेल्या तेलात लोखंडाचे, तांब्याचे किती कण उतरलेत, यावरून इंजिन आतून किती झिजलंय ते सांगता येतं.

भुताखेताच्या गोष्टी मी वाचतही नाही. तरी हे लिहिते आहे, कारण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय आणि अजून संपलेलं नाही. जे मी स्वतः पाहिलं-ऐकलं, तेवढंच लिहिते.

रात्र नव्हती. थंडीतली सकाळ होती. सव्वासात वाजले होते. गावाबाहेर एक पत्र्याची शेड, दाराला कुलूप, आणि बाहेर आम्ही दोघं... मी आणि माझा धाकटा भाऊ.

धाकट्याने नऊ वर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले. शेवटच्या मालकाने ट्रॅक्टर विकला आणि हा घरी बसला. बायको, दोन मुली. गोदामात पोती मोजायचं काम करून पाहिलं, महिनाभरात सोडून आला. त्याला दुसरं काही येत नाही. यावं असं वाटतही नाही.

मग या ट्रॅक्टरचं कळलं. जवळजवळ नवा, आणि आमच्या आवाक्यातला. धाकट्याचं एकच म्हणणं होतं. ताईने तपासून हो म्हटलं तर घ्यायचा. नाही म्हटलं तर शहरात जाऊन कुठेतरी पहारेकऱ्याची नोकरी धरायची.

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर होतं.

जुना ट्रॅक्टर बघायला जाताना आम्ही एक नियम पाळतो. इंजिन गार असताना पोचायचं. काही विकणारे ते आधीच सुरू करून गरम ठेवतात, म्हणजे थंडीत सुरू होताना देत असलेला त्रास लपतो.

विकणारे एक वयस्कर काका होते. त्यांनी आमच्यासमोर कुलूप काढलं. आत अंधार, डिझेलचा वास, आणि मधोमध ट्रॅक्टर. इंजिन किती चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर एकशे शहाऐंशी तास. बॅटरी काढून कोपऱ्यातल्या फळीवर ठेवलेली.

"डॉक्टरीणबाई, पेशंट झोपलाय बघा," धाकटा मला म्हणाला. मग काकांना म्हणाला, हिला घरातलं फोडणीचं तेलसुद्धा तपासल्याशिवाय चालत नाही.

काका हसले नाहीत.

माझ्याकडे प्रयोगशाळेतलं तापमापक होतं. लांबून रोखून कळ दाबली की आकडा दाखवतं. इंजिनावर धरलं. चौदा अंश. मडगार्डवर धरलं. चौदा. स्टेअरिंग, चौदा.

मग सहज सीटवर धरलं...

एकतीस.

मी पुन्हा कळ दाबली. एकतीस.

हात लावून पाहिला. नुकतंच कोणी उठून गेल्यावर खुर्ची कोमट लागते, तशी ती लागत होती.

पत्र्यातून ऊन यायचं तर सूर्य अजून वर आला नव्हता. सकाळी आत कोणी आलं होतं का, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, किल्ली एकच आहे, ती माझ्या खिशात असते.

मी ही गोष्ट धाकट्याला सांगितली नाही. एकाच दिवसाची नोंद होती. एवढ्यावरून काही म्हणू नये, असं मला शिकवलंय.

दुसरी गोष्ट त्यालाच दिसली. क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. डाव्या कडेला तर खालचं लोखंड उघडं पडलं होतं. स्टेअरिंगचा काळा रंग दोन हातांच्या जागी उडाला होता.

धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ही झीज तीन-चार हजार तासांची आहे. म्हाताऱ्याने मीटर मागे फिरवलंय.

काकांना ऐकू गेलं असावं. ते दाराच्या चौकटीला टेकले आणि सांगू लागले.

ट्रॅक्टर त्यांच्या मुलाने घेतला होता. चाळीस दिवस चालवला. मग आजारी पडला. पायातली ताकद गेली. काकांनी बॅटरी काढून ठेवली, कारण तो ऐकणाऱ्यातला नव्हता. तेव्हापासून मुलगा रोज सकाळी भिंत धरत धरत यायचा आणि सीटवर बसायचा. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, स्टेअरिंग फिरवायचा. दिवसभर. असे आठ महिने.

"गेला त्याला सव्वा वर्ष झालं," ते म्हणाले.

धाकट्याने मान खाली घातली. मलाही लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. झिजेचं कारण सापडलं होतं.

काकांनी आदल्या दिवशी चार्ज करून आणलेली बॅटरी जोडली. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. धूर नाही, ठोका नाही. काकांनी दोनदा तोच प्रश्न विचारला, रोज बाहेर काढणार ना? धाकटा म्हणाला, तेच तर माझं काम आहे, काका.

मी बाटलीत तेलाचा नमुना घेतला. तिसऱ्या दिवशी तपासणी झाली. इतकं स्वच्छ तेल वापरलेल्या इंजिनातून क्वचितच येतं. मीटर खरं होतं. इंजिन नवं होतं.

फक्त जिथे जिथे माणसाचा हात-पाय लागतो, तिथेच तो ट्रॅक्टर म्हातारा झाला होता.

मी धाकट्याला फोन केला आणि म्हटलं, इंजिन उत्तम आहे, घे.

त्याने मला इंजिनाबद्दल विचारलं होतं. मी इंजिनाबद्दल उत्तर दिलं.

आणायला गेलो त्या दिवशी धाकटा वर बसून ट्रॅक्टर सुरू करून तयार होता. आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. काकांनी मला बाजूला बोलावलं आणि कागदाची एक पुडी हातात दिली. आत क्लचच्या पेडलची दोन नवी रबरं होती.

"ठेवा. लागतील. गेल्या वर्षभरात मी दोनदा बदललंय."

मी हो म्हणून पुडी पर्समध्ये टाकली.

मग माझ्या लक्षात आलं...

मुलाला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. बॅटरी फळीवर होती. शेडला कुलूप होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. "मला चालवता येत नाही, पोरी," ते म्हणाले. "आणि तो नुसता बसून कंटाळलाय."

धाकट्याने हॉर्न वाजवला. इतक्या महिन्यांनी मी त्याला हसताना पाहत होते. दोन्ही मुली घरी दारात उभ्या असतील, हे मला माहीत होतं.

मी पर्सची चेन ओढली. ट्रॅक्टर रस्त्याला लागला.

पहिले चार महिने छान गेले. धाकट्याला कामं मिळाली. मुलींच्या शाळेचं मार्गी लागलं. मी स्वतःला म्हणत होते, एका म्हाताऱ्या बापाचं दुःख, दुसरं काय.

मग एकदा भावजयीने सहज तक्रार केली. हल्ली फार उशिरा येतात. अंधारात कसली नांगरट करतात, देव जाणे.

मी पुढच्याच रविवारी गेले. धाकट्याला अंगणात बसवलं आणि सगळं सांगितलं. सीट, रबर, म्हातारा. मला वाटलं होतं, तो हसेल किंवा चिडेल.

तो बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला.

"मला शेडमध्येच कळलं होतं, ताई. क्लचला पाय लावला, तर तो आधीच खाली गेलेला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

मी त्याला म्हटलं, विकून टाक. त्याने उलट विचारलं, आणि मी काय करू, पोती मोजू? मग माझी समजूत घालावी तसा हळू आवाजात म्हणाला, "त्रास काही नाही गं त्याचा. माझ्याहून सरळ नांगरतो. फक्त..."

"फक्त काय?"

"दिवस मावळला की परत फिरायला नको म्हणतो."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी भावजयीला फोन करते आणि वेळ लिहून ठेवते. पहिल्या आठवड्यात तो सात वाजता घरी यायचा. मग सव्वासात. मग पावणेआठ. एकदाही आदल्या दिवसापेक्षा लवकर नाही. त्याचा स्वतःचा फोन तो सोबत नेत नाही. म्हणतो, शेतात आवाजात ऐकू येत नाही.

हे लिहायला बसण्याआधी फोन केला, तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तो आला नव्हता. भावजय मागच्या दारात उभी होती. तिने फोन शेताच्या दिशेने धरला.

मला इंजिन ऐकू आलं. एकसारखं, निरोगी. काही दोष नाही.

आवाज हळूहळू लांब जात होता.

"कुठल्या बाजूला आहे तो?" मी विचारलं.

भावजय थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मलाही तेच कळत नाहीये, ताई. त्या बाजूचं रान तर त्यांनी परवाच नांगरून संपवलं."