पाय बांधला तेव्हापासून

ठोसेघरच्या वाटेवर, जिथे गाडीरस्ता सुटून कॅम्पची पायवाट लागते, तिथे करवंदीच्या जाळीशी एक तरुण आडवा पडून विव्हळत होता.

प्रियदर्शनीने पाठीवरची सॅक तिथेच टाकली. शाळांच्या सहली डोंगरात नेणं हेच तिचं काम. अपघात दिसला की तिचे हात आधी चालायचे, तोंड मागून. तिने दोन काटक्या शोधल्या, गळ्यातला स्कार्फ सोडला आणि त्याचा उजवा पाय असा करकचून बांधला की तो विव्हळायचंच विसरला.

"आवं, जरा हळू—"

"हलू नका. नाहीतर दुसराही मोडेल!"

तो गप्प झाला. पण डोळे कुठले गप्प बसायला? तिच्या कपाळावरच्या घामाकडे, गालावर आलेल्या बटेकडे तो टकामका बघतच राहिला... आणि जाळीमागून टाळ्या वाजल्या.

"पाय झकास बांधलास," पुढे येत डॉक्टर पल्लवी म्हणाल्या. डोंगरात मुलांना नेणाऱ्या शिक्षकांना मानसिक प्रथमोपचार शिकवायला त्या आल्या होत्या, आणि हा जखमी म्हणजे त्यांनी वाटेत पेरलेली पहिली परीक्षा होती. "पण बाई, त्या माणसाशी धीराचा एक शब्द तरी बोललीस का?"

"बोलल्या की," जखमी उठून बसत म्हणाला. "दुसरा पाय मोडंल म्हनाल्या."

प्रियदर्शनीचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. हा बिराप्पा. जतचा, मेंढरांमागे डोंगर तुडवत वाढलेला, आता दंडोबाच्या डोंगरावर मुलांना चढाई शिकवणारा. आणि डॉक्टरबाईंनी, जणू मुद्दामच, शिबिर संपेपर्यंत दोघांची जोडी लावून दिली.

संध्याकाळी सगळे गोल करून बसत. आज मनातून कसं वाटतंय, ते ज्याने त्याने सांगायचं. पहिला गडी म्हणाला, "एक नंबर!" दुसरा म्हणाला, "एक नंबर!" दोराचं प्रशिक्षण देणारे नानासो, फौजेतून निवृत्त झालेले, तेही मिशीवर हात फिरवत म्हणाले, "एक नंबर!"

"एक नंबर ही भावना नाही हो," डॉक्टरबाई काकुळतीला आल्या. "बिराप्पा, तुम्ही तरी खरं सांगा."

बिराप्पाने मान खाली घातली. "मॅडम, माज्या छातीत धडधडतंय. भूकबी लागंना."

"कधीपासून?"

"सकाळी पाय बांधला... तवापास्नं."

गोलात असा हशा उठला की झाडावरची पाखरं उडाली. प्रियदर्शनीने चहाचा कप तोंडासमोर धरला. कप रिकामा होता, पण धरला.

दुसऱ्या दिवशी कड्यावरून दोराने उतरायची पाळी आली. इथे मात्र तिचं हसू मावळलं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका कड्यावर तिच्या गटातली एक मुलगी घसरली होती. मनगट मोडलं, पुढे बरंही झालं, कुणी दोष दिला नाही. पण त्या मुलीची किंकाळी हिच्या कानातून जाईना. तेव्हापासून ती दोराला हात न लावता खालूनच सूचना देत आली होती. हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि हा कडा उतरला नाही, तर यंदाच्या सहली दुसऱ्याच्या हाती जाणार होत्या.

ती कड्याच्या टोकाशी पाठमोरी उभी राहिली. पाय जागचा हलेना.

"मला... मला न्हाई जमायचं," ती पुटपुटली. घाबरली की तिची घरची भाषा बाहेर यायची.

बिराप्पा तिचा दोर सांभाळत होता. घाबरू नका, असं तो म्हणाला नाही. तिच्या समोर बसला अन् हळूच म्हणाला, "मी दोर धरलाय. दिसतील त्या पाच वस्तू सांगा."

"दोर... दगड... गवत..." तिने चोरटी नजर खाली टाकली. "नानासोंचं टक्कल..."

"मला ऐकू येतंय!" खालून आवाज आला.

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरले.

"पाचवी?"

"...तुम्ही."

त्याने हातातला दोर उगाच पुन्हा ताणून पाहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "उतरायचं का माघारी यायचं? दोन्ही चालतंय."

ती माघारी आली. कड्यापासून लांब, वाळक्या गवतात बसून तिने त्याला ती किंकाळी सांगितली, त्यानंतरच्या जागरणांसकट. त्याने दोनदा सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. नुसतं ऐकलं. मग तिच्यासोबत डॉक्टरबाईंच्या तंबूपर्यंत गेला आणि ती आत बोलत होती तोवर बाहेर ताटकळत बसला.

शेवटच्या दिवशी ती कडा उतरली. थरथरत, थांबत, मध्येच नानासोंवर ओरडत... पण उतरली.

परतीला दोघं साताऱ्याहून सांगलीच्या एसटीत बसले. ती इस्लामपूरला उतरणार, तो सांगलीहून पुढे जतला. कराड मागे पडलं तरी याचं तोंड उघडेना. शेवटी खिडकीबाहेर बघत तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?" इंजिनच्या घरघरीत ती वाकून म्हणाली.

"म्हनलं... मला तुमी आवडता."

"ऐकू येत नाही हो!"

नेमक्या त्याच वेळी, पुढे उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या म्हणून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिराप्पाने जीव खाऊन आरोळी ठोकली—

"मला तुमी लय आवडताऽऽ!"

अख्खी एसटी वळून बघू लागली. कंडक्टरने हातातलं तिकीट तसंच धरून ठेवलं. मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "अगं पोरी, काईतरी बोल की. त्येचा जीव टांगलाय."

प्रियदर्शनीने बट कानामागे सरकवली.

"ओरडायला काय झालं? पहिल्यांदाच ऐकू आलं होतं मला."

"मग तीनदा कशाला म्हनायला लावलं?"

"गोड वाटत होतं..."

तिने कंडक्टरला हाक मारली. "मामा, यांचं सांगलीचं तिकीट राहू द्या. इस्लामपूरलाच उतरतील. आमचे बाबा घरी आहेत." मग त्याच्याकडे वळून हळूच म्हणाली, "सुभेदार होते ते. आवाज मोठा आहे, पण माणूस मऊ आहे. आणि हे बघा... मी आहे ना शेजारी."

पुढच्या ट्रॉल्या हलल्या, एसटीने धक्का दिला, आणि त्या धक्क्याचं निमित्त करून तिने त्याचा हात धरला. रस्ता पुढे चांगला सपाट होता. पण हात काही सुटला नाही.