मागच्या डाव्या काचेवरचा ओलावा

जुनी गाडी घेणाऱ्याला जग दोनच गोष्टी सांगतं: घेण्याआधी 'घेऊ नकोस' आणि घेतल्यावर 'मी सांगितलं होतं'. माझ्या बायकोने दोन्ही सांगितल्या. पण बाबांना तपासणीला न्यायचं तर बसची पायरी त्यांना चढवेना. जरा चढ आला की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि ओठ निळे पडायचे. म्हणून राखाडी रंगाची, चार दारांची, आधीच दोन मालक बघून आलेली ती गाडी मी घेतली. मी स्वतः कामाला बसनेच जात राहिलो. गाडी बाबांसाठी होती.

पहिल्याच महिन्यात क्लच गेला. मग पाण्याच्या पंपाने मान टाकली. मग खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाशी काहीतरी कुरकुरायला लागलं. मिस्त्रीचं गॅरेज आमच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं, एवढं एक बरं. त्याला सगळे सर्जन म्हणत, कारण तो आधी उघडायचा आणि मग निदान करायचा.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," बायको म्हणायची. मला पटत होतं म्हणूनच राग यायचा.

या सगळ्यात काचेचं दुखणं अगदीच किरकोळ वाटलं. सकाळी गाडी पुसायला गेलो की मागची डावी काच आतून धूसर झालेली असायची, बाकीच्या स्वच्छ. मोठ्या इमारतींमध्ये एसी बसवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. ओलावा आपोआप येत नाही, कुठून तरी झिरपतो, एवढं मला पोटापाण्यापुरतं कळतं. जुन्या गाडीत दारांचं रबर कडक होतं, हीटरची नळी गळते, पायाखालचं जाजम ओलं राहतं. मी सर्जनला तसं सांगितलं. त्याने जाजम उचललं, रबर बदललं, हीटर उघडला.

"साहेब, आत सगळं ठणठणीत कोरडं आहे," तो फडक्याला हात पुसत म्हणाला. "तुम्ही मागे कोणाला बसवून ठेवता का?"

तो हसला. मीही हसलो.

एका रविवारी दुपारी मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसलो आणि मान वळवून त्या काचेकडे पाहत राहिलो. दारं बंद होती. काचेवर बशीएवढा गोल डाग उमटला, कडेकडेने विरत लहान झाला, पुन्हा भरला. पुन्हा विरला. सगळं संथ चाललं होतं, न चुकता. माझा स्वतःचा श्वास त्याच्या लयीत चालू लागला आहे हे लक्षात आलं, तेव्हा मी दार उघडून बाहेर पडलो. बायकोला यातलं काही बोललो नाही. तिने मला डॉक्टरकडे नेऊन बसवलं असतं, आणि तेही याच गाडीतून.

त्या काचेशी बाबा बसायचे. मागे डावीकडे बाबा, त्यांचा हात धरून उजवीकडे बायको, आणि पुढे मी. प्रत्येक खेपेला हेच.

आणि बाबा सुधारत होते. आधी ती शिट्टी थांबली. मग घरातलं ऑक्सिजनचं यंत्र त्यांनी स्वतःच ढकलत कोपऱ्यात नेलं. एका सकाळी जिना चढून गच्चीवर गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली, लहानपणी मारायचे तशी खणखणीत. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. डॉक्टरीणबाई जुना आणि नवा एक्स-रे शेजारी धरून बराच वेळ पाहत राहिल्या. "फुप्फुसं होती तशीच आहेत," त्या म्हणाल्या. "पण माणूस बरा आहे. मी माणसावर विश्वास ठेवते."

मीही तेच करायचं ठरवलं. पण एकदा दुपारी बाबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते. कागद हलत नव्हता. मी बराच वेळ पाहिलं आणि मग छातीवर हात ठेवला. छाती उबदार होती आणि स्थिर होती.

बाबांनी कागद बाजूला केला. "काय रे, जिवंत आहे की नाही बघतोस?"

"नाही, सहज."

"मग हात काढ. गारढोण झालाय तुझा."

थंडीच्या सुरुवातीला गिअरबॉक्स ओरडू लागला आणि इंजिन तेल पिऊ लागलं. सर्जनने सांगितलेल्या खर्चात दुसरी जुनी गाडी आली असती.

"बाबा आता खडखडीत बरे आहेत," बायको म्हणाली. "हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा? विकून टाक."

तिचं म्हणणं चोख होतं. माझ्याकडे जे उत्तर होतं, ते तोंडाने बोलण्यासारखं नव्हतं. मी हो म्हणालो. काच ही नुसती काच असते, हे मला स्वतःलाच दाखवून द्यायचं होतं.

गिऱ्हाईक सकाळीच आलं. बुटका, चौकस माणूस. पत्र्यावर टिचक्या मारून पाहत होता. सर्जनला शेजारी बसवून तो एक चक्कर मारायला निघाला. आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो. बाबांनी आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, आणि तिथलीच एक गोष्ट ते रंगात येऊन सांगत होते.

"मालक तरातरा आला, म्हणाला, ही ओळ उलटी लावलीस. मी म्हटलं, मालक, तुम्ही..."

गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली.

बाबा थांबले.

तोंड उघडंच होतं. डोळे माझ्याकडे होते, पण मला पाहत नव्हते. ओठ निळे होऊ लागले.

"बाबा?" बायकोने त्यांचा दंड धरला. "बाबा! अरे, बघ ना यांना!"

ते पडले नाहीत. खांबासारखे उभे राहिले.

मी सर्जनला फोन लावला. "गाडी मागे आणा."

"साहेब, आत्ता तर निघालो..."

"मागे आणा!"

बायको माझ्याकडे पाहत होती. डॉक्टरांना का नाही, असं तिने विचारलं नाही.

कोपऱ्यावर इंजिनाची घरघर ऐकू आली.

"...टेबलाच्या पलीकडे उभे आहात, इकडून बघा," बाबा म्हणाले आणि खो खो हसले. मग आमचे चेहरे पाहून थांबले. "काय झालं? हसा की."

गिऱ्हाईक कुरकुरत निघून गेलं. बाबा उन्हात खुर्ची टाकून बसले. मी गाडी जागेवर लावली आणि खाली उतरून मागच्या डाव्या काचेकडे पाहिलं. डाग येत होता, जात होता. तो कोणाचा आहे याबद्दल मला आता शंका उरली नव्हती. इंजिन उतरवायचं तर उतरवू, गिअरबॉक्स बदलायचा तर बदलू, पण ही गाडी चालती राहिली पाहिजे. भीती होती, पण खरं सांगायचं तर आनंदही होता. बाप हातात होता माझ्या.

मग मी सहज पलीकडे पाहिलं.

सकाळपर्यंत स्वच्छ असलेल्या मागच्या उजव्या काचेवर आता दुसरा डाग होता. पहिल्यापेक्षा लहान, आणि जरा घाईने येणारा-जाणारा.

स्वयंपाकघरात बायको ओट्याशी उभी होती. तिने चहा कपांत ओतला होता.

"विकू नकोस," ती म्हणाली. "लागेल तो खर्च होऊ दे. माझं म्हणून जे काही बाजूला आहे, ते घे."

"नाही विकत."

"कधीच नाही ना?"

"कधीच नाही."

तिने मान हलवली, कप तोंडाशी नेला आणि चहा गरम म्हणून सवयीने त्यावर फुंकर घातली. तिचे गाल फुगले, ओठ गोल झाले. चहाची वाफ सरळ वर जात राहिली.